गव्हामुळे उठणारं पुरळ : खर्च किती, कशावर करावा, कशावर टाळावा

दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, कुल्ले, पाठ आणि मानेवर केसांच्या कडेला बारीक बारीक फोड. आग होते, आणि खाज अशी की फोड धड दिसण्याआधीच नखांनी फुटलेला असतो. खरजेचं मलम लावून झालं, इसबाचं झालं, बुरशीचं झालं, घरातल्या चादरीही उकळून झाल्या. तरी काही आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि डाव्या-उजव्या अंगावर जवळजवळ सारखंच. असं होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना एक प्रश्न जरूर विचारा : हा डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस तर नसेल?

फिलाडेल्फियाचे डॉक्टर लुई डुहरिंग यांनी १८८४ साली या आजाराचं वर्णन केलं. फोडांचे पुंजके नागिणीसारखे दिसतात, पण ही नागीण नव्हे आणि हा आजार कुणालाही लागत नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीरात आयजीए जातीची प्रतिपिंडं तयार होतात, ती कातडीच्या वरच्या थराखाली साचतात आणि तिथे फोड उठतात. सिलिअ‍ॅक रोगाचंच हे त्वचेवरचं रूप. पोटाची काहीही तक्रार नसली तरी बहुतेक रुग्णांच्या लहान आतड्याला कमी-अधिक इजा झालेली असते.

आपल्याकडे हा आजार पटकन ओळखला जात नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत सिलिअ‍ॅक रोगाची प्रतिपिंडं रक्तात असलेल्यांचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. पण आता आपल्या घराघरांत दोन्ही वेळेला पोळी असते, न्याहारीला पाव-बिस्किट असतं. त्यामुळे ‘हा उत्तरेकडचा आजार’ म्हणून सोडून देऊ नये.

या आजाराचं पथ्य जन्मभराचं आहे, म्हणून खर्चाचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटांवर पैसे ओतण्याची गरज नाही. पैसा लागतो तो अचूक निदानाला आणि गव्हाचा कण ताटात येऊ न देण्याच्या व्यवस्थेला. पुढचे सगळे आकडे मोठ्या शहरांतल्या खासगी सेवेचे ढोबळ अंदाज आहेत. गावानुसार ते बदलतील, म्हणून आधी विचारून घ्या.

आधी तपासणी, मग पथ्य

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे तपासणीच्या आधीच गहू बंद करणं. पथ्य सुरू झालं की रक्तातली प्रतिपिंडं उतरायला लागतात, अहवाल निर्दोष येतो आणि निदान लटकतं. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू खाऊन, पुन्हा फोड अंगावर घेऊन तपासणी करावी लागते. निदान पक्कं होईपर्यंत नेहमीचंच जेवा.

• त्वचेची बायोप्सी : निदान हिच्यावरच ठरतं. डायरेक्ट इम्युनोफ्लोरोसन्स या तपासणीसाठी तुकडा फोडाचा घेत नाहीत, फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा घेतात. तो नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये गेला तर ही तपासणी होत नाही, त्याला वेगळं द्रावण लागतं. ‘तुमच्याकडे इम्युनोफ्लोरोसन्सची सोय आहे का?’ एवढं आधी विचारलं तर दुसरी बायोप्सी टळते. फोडाचा साधा तुकडा आणि हा तुकडा मिळून ५,००० ते ८,००० रुपये.

• रक्ततपासणी : टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए. दोन्ही मिळून २,००० ते ३,००० रुपये. काही रुग्णांत टीटीजी निर्दोष येते, म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावर ‘तुम्हाला काही नाही’ असं कुणी म्हटलं तर बायोप्सीबद्दल विचारा.

• दुर्बिणीची तपासणी : त्वचेच्या बायोप्सीत निदान स्पष्ट झालं असेल तर केवळ निदानासाठी एंडोस्कोपी सहसा लागत नाही. वजन घटणं, जुलाब, रक्तक्षय अशी लक्षणं असतील तर डॉक्टर ती सुचवतील.

• हे पैसे वाचवा : ‘शंभर पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आयजीजी तपासण्यांनी हा आजार कळत नाही. हजारो रुपये जातात आणि दूध, टोमॅटो, शेंगदाणे असे निरुपद्रवी पदार्थ नाहक बंद होतात.

खासगी खर्च झेपत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाचा त्वचारोग विभाग गाठा. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे दर खासगीच्या तुलनेत फार कमी असतात. इम्युनोफ्लोरोसन्स तिथेच होतं की नमुना बाहेर पाठवतात, तेवढं पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

निदान झालं की आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी करून घ्या. जवळच्या नात्यात सिलिअ‍ॅकची शक्यता बरीच जास्त असते.

गोळी स्वस्त, देखरेख महत्त्वाची

खाजेवर डॅप्सोन हे औषध दिलं जातं. कुष्ठरोगावर अनेक दशकं वापरात असलेली ही गोळी स्वस्त आहे. दोन-तीन दिवसांत खाज उतरते, आणि तिथेच अनेकांची गल्लत होते : खाज गेली म्हणजे आजार गेला, मग पोळी का सोडायची? डॅप्सोन कातडीला आराम देतं, आतड्याची इजा भरून काढत नाही. ते काम फक्त पथ्य करतं.

गोळी सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडी ही तपासणी झालीच पाहिजे. शरीरात या विकराची कमतरता असेल तर डॅप्सोनमुळे तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात. आपल्याकडे काही समाजांत आणि काही आदिवासी भागांत ही कमतरता अधिक आढळते. जी-६-पीडी, सीबीसी आणि यकृताच्या तपासण्या मिळून १,२०० ते २,००० रुपये. सुरुवातीला सीबीसी वारंवार, नंतर काही महिन्यांनी एकदा. या तपासण्या चुकवून पैसे वाचवू नका.

ताप, घसा दुखणं, ओठ-नखं निळसर होणं, धाप लागणं, डोळे पिवळे होणं, अंगभर लाल चट्टे यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट : डॅप्सोन चालू असताना एचबीए१सीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. ‘साखर छान आटोक्यात आहे’ असा गैरसमज होऊ नये म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांनाही या गोळीची कल्पना द्या.

पथ्य काटेकोर असेल तर गोळीचा डोस हळूहळू उतरतो. त्याला काही महिने, कधी दोन वर्षंही लागतात. डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

धान्याचा हिशोब

महाराष्ट्र आणि गोव्याच्या स्वयंपाकघरात ग्लुटेन नसलेली धान्यं आधीपासूनच आहेत : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा. डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, दूध, तूप, अंडी, मासे, मटण यांत ग्लुटेन नसतं. ओट्स मात्र सुरुवातीला टाळा, कारण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यांत गहू मिसळलेला असण्याची शक्यता मोठी.

एका माणसाला महिन्याला सहा किलो पीठ धरू. ज्वारी ६० रुपये किलो आणि दळणाचे १० रुपये, म्हणजे ४२० रुपये. गहू ४० रुपये धरला तर त्याचे दळणासकट ३०० रुपये. फरक महिन्याला १२० रुपये, वर्षाला दीड हजाराच्या आत.

आता तेच पाकिटांतून. ‘ग्लुटेन-फ्री आटा’ १८० रुपये किलो धरला तर वर्षाचे सुमारे १३,००० रुपये. आठवड्याला २०० रुपयांचा एक ब्रेड, त्याचे १०,४००. बिस्किटं, पास्ता धरून वर्षाला २५ ते ३० हजार सहज जातात, आणि हा खर्च दर वर्षीचा. शिवाय अशा अनेक पदार्थांत स्टार्च आणि साखर जास्त, तंतू कमी. प्रवासासाठी किंवा मुलाच्या वाढदिवसाला पाकिट आणायला हरकत नाही. रोजचं पोट भाकरी-भातावर भरावं.

गिरणी : धान्य चांगलं, पीठ वाईट

ज्वारीत ग्लुटेन नाही. पण गिरणीत काय होतं ते एकदा उभं राहून पाहा. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू संपतो, त्याच पाळ्यांच्या चक्कीत वरून तुमची ज्वारी पडते. तोंडाला बांधलेल्या कापडी नळीतून सुरुवातीला जे पीठ येतं, त्यात पाळ्यांत आणि नळीत अडकलेली कणीक असते. डबा झटकून तोच पुढे करतात, आणि हवेत उडणारं पीठ सगळ्याच डब्यांवर बसतं. घरी पथ्य अगदी चोख पाळूनही फोड का जात नाहीत, याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

तीन पर्याय आहेत :

• ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असलेली गिरणी शोधा. मालकांना नीट समजावून सांगा : ‘मला पथ्य आहे, गव्हाचं पीठ कणभरही चालत नाही.’ त्या चक्कीवर गहू कधीच घालत नाहीत ना, याची खात्री करा. खर्च नेहमीचाच.

• घरघंटी. साधारण १५,००० ते २५,००० रुपये. तिच्यावर घरात कुणीही गहू दळायचा नाही, हा नियम पक्का हवा. पाकिटाच्या पिठाशी तुलना केली तर १८,००० रुपयांची घरघंटी सुमारे दोन वर्षांत भरून निघते. घरात दोन रुग्ण असतील तर निम्म्या काळात.

• दोन-तीन सिलिअ‍ॅक कुटुंबांनी मिळून एक घरघंटी. एकाच सोसायटीत किंवा नात्यात हे सहज जमतं.

दळणाआधी धान्य निवडताना गव्हाचे दाणे दिसले तर काढून टाका. तांदूळ, डाळी, ज्वारी धुऊन वाळवून दळलेलं अधिक चांगलं.

लपलेला गहू

पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया सगळ्यांना कळतात. पथ्य मोडतं ते पुढच्या जिनसांनी.

हिंग हा पहिला. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंगात डिंक आणि धान्याचं पीठ घालून तो बांधतात, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाचं पीठ घालून केलेला हिंग मिळतो, तो घ्या. फोडणीत हिंग चिमूटभरच पडतो खरा, पण वरण, आमटी, भाजी, लोणचं, पापड, ताक असा तो दिवसभर ताटात येत राहतो. घरातला हिंग बदलणं हा या पथ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

त्यानंतर हे पाहा :

• मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी : दोन्हींत गहू घालण्याची पद्धत आहे. घरी गव्हाविना करा.
• सातूचं पीठ, लापशी, गव्हाची खीर, गव्हाच्या चिकाच्या कुरडया.
• विकतची भाकरी : मोडू नये म्हणून काही ठिकाणी पिठात कणीक मिसळतात.
• माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी आणि बीअर : दोन्हींत जव. काजूच्या फेणीत धान्य नसतं.
• सोया सॉस, तयार सूप, बर्फीसारख्या मिठाईला लावलेला मैद्याचा हात.
• दिवाळीत अनारसे, बेसनाचे लाडू, भाजणीची चकली, पोह्यांचा चिवडा चालतात, मात्र पीठ आणि हिंग घरचा हवा. करंजी, शंकरपाळी, चिरोटे, रव्याचे लाडू नाहीत. गणपतीत उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत.

आयोडीनमुळे काहींचं पुरळ चाळवतं, म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. पण आयोडीनयुक्त मीठही आपल्या मनाने बंद करू नका.

स्वयंपाकघरात काय वेगळं हवं

सगळं घर नव्याने मांडायची गरज नाही. स्टीलची आणि काचेची भांडी नीट घासली की पुरे. चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी काठवट, लाकडी उलथणं आणि भाकरीचा तवा मात्र वेगळे हवेत, कारण यांच्या छिद्रांत आणि भेगांत पीठ राहतं. या सगळ्याला १,५०० ते २,००० रुपये पुरतात. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात पापड तळू नका. भाकरी आधी, पोळ्या नंतर. मीठ-साखरेच्या डब्यात कणकेचा हात जाऊ देऊ नका.

घरातली मंडळी तयार असतील तर रात्रीचं जेवण सगळ्यांनीच भाकरी-भाताचं करावं. आईला किंवा सुनेला दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत, आणि रुग्णाच्या ताटाकडे कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही.

पाकिट वाचण्याची रीत

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. २० ते १०० मिलिग्रॅमच्या पदार्थाला ‘लो ग्लुटेन’ म्हणतात, तो या रुग्णांसाठी नाही. पाकिटावर गहू, जव, राय, ओट्स यांची अ‍ॅलर्जी-सूचना देणं बंधनकारक आहे. घटकांच्या यादीखालची ठळक ओळ आधी वाचा. ‘मैदाविरहित’, ‘मल्टिग्रेन’, ‘मिलेट’ या शब्दांवर जाऊ नका. नाचणीच्या बिस्किटात गहू सर्रास असतो.

लेबल खोटं वाटलं तर पाकिट, बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवा. प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. एकाच्या तक्रारीने पुढच्या दहा जणांचं पथ्य वाचतं.

लग्न, हॉटेल, प्रसाद

हॉटेलात उपवासाचे पदार्थ बरे : साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी यांत गहू नसतो आणि बहुधा हिंगही नसतो. साबुदाणा वडा मात्र कोणत्या तेलात तळला, ते विचारा. पोहे, साधा भात, दही, उकडलेली अंडी चालतात. डोशाच्या पिठात रवा किंवा मैदा घालतात का, सांबारात कोणता हिंग आहे, हे विचारायला संकोचू नका.

लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करावा. साधा भात, तूप, बिनफोडणीचं वरण, कोशिंबीर एवढं बाजूला काढून ठेवायला कुणी नाही म्हणत नाही. तेही जमत नसेल तर डबा न्यावा, त्यात कमीपणा काही नाही. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. प्रसाद कपाळाला लावून शेजारच्याला द्यावा आणि फळ घ्यावं. गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक वाचकांसाठी : कम्युनियनचा ओस्त गव्हाचाच असतो, पण चर्चच्या नियमांत अत्यल्प ग्लुटेनचा ओस्त किंवा फक्त द्राक्षारस घेण्याची मुभा आहे. पाद्रींशी आधी बोला.

पथ्य मोडलं तर

घाबरून उपाशी राहू नका, जुलाबाचं औषध घेऊ नका, डॅप्सोनची जादा गोळीही नको. पुढच्या जेवणापासून पथ्य पूर्ववत करा आणि वहीत तारीख, पदार्थ, ठिकाण लिहा. फोड लगेच उठतात असं नाही, काही दिवसांनीही उठतात. म्हणून नोंद ठेवल्याशिवाय कारण सापडत नाही. उलट, पथ्य चोख असूनही पहिले कित्येक महिने फोड येऊ शकतात, कारण कातडीत साचलेली आयजीए सावकाश निघून जाते. ‘पथ्याचा उपयोग नाही’ म्हणून या टप्प्यावर पोळीकडे वळणारे पुष्कळ असतात. इथेच चिकाटी हवी.

आणखी एक खर्च टाळा : ग्लुटेन-फ्री शाम्पू, साबण, क्रीम. पुरळ कातडीवर असलं तरी ग्लुटेन पोटातूनच काम करतं. तोंडात जाणारी लिपस्टिक आणि औषधं तेवढी तपासा.

पहिल्या वर्षाचा ताळेबंद

• तज्ज्ञांच्या पाच भेटी : ४,०००
• त्वचेची बायोप्सी : ५,००० ते ८,०००
• टीटीजी आणि एकूण आयजीए : २,००० ते ३,०००
• गोळीपूर्व तपासण्या : १,२०० ते २,०००
• वर्षभराच्या देखरेखीच्या तपासण्या : २,००० ते ३,०००
• गोळ्या : १,००० ते २,०००
• स्वयंपाकघरातली वेगळी भांडी : १,५०० ते २,०००
• धान्याचा जादा खर्च : १,५००

एकूण १८ ते साडेपंचवीस हजार रुपये. दुसऱ्या वर्षापासून दोन भेटी, एक टीटीजी, सीबीसी, थोड्या गोळ्या आणि धान्याचा फरक धरून पाच ते सात हजार. आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण खर्च बहुधा बसत नाही, म्हणून ही रक्कम घरच्या अंदाजपत्रकात धरून ठेवा.

वर्षानुवर्षं चुकीची मलमं लावण्यात यापेक्षा जास्त पैसे जातात, आणि रात्रीची झोप जाते ती वेगळीच. खाज अंगावर काढू नका, बायोप्सीआधी गहू सोडू नका आणि निदान झाल्यावर गव्हाचा एक कणही ‘चालतंय की’ म्हणून खाऊ नका. आज घरी जाऊन हिंगाची डबी उलटी करून वाचा आणि उद्या गिरणीवाल्यांशी बोला. या दोन्ही कामांना एक रुपयाही लागत नाही.